केळीचं आडनाव: बेकवेल आणि चॅट्सवर्थमधले तीन दिवस

आप्पांनी यावल तालुक्यातल्या आमच्या शेतात चाळीस वर्षं केळी लावली. आधी बसराई, मग श्रीमंती, आणि आता टिश्यू कल्चरच्या रोपांची ग्रँड नैन. तिन्ही जाती एकाच कुळातल्या, कॅव्हेंडिश. हा शब्द आप्पांनी कृषी मेळाव्यांत कितीदा तरी ऐकलेला. त्यांना तो एखाद्या खताच्या कंपनीचा वाटायचा.

कोरोनाच्या आदल्या वर्षी जूनमध्ये आई-आप्पा माझ्याकडे इंग्लंडमध्ये लेस्टरला आले. लंडन दाखवून झालं. तिथं राजवाड्याबाहेर अर्धा तास उभं राहून आप्पा म्हणाले, "ताई, हे शहर बी झालं अन् राणी बी झाली. आता शेती दाखव." गावाकडे पाऊस लांबला होता, मृगबागेची लागवड भाऊकाकांवर टाकून आलेले, त्यामुळे जीव सगळा तिकडेच. तेव्हाच मी ठरवलं, की यांना डर्बीशरमध्ये न्यायचं. बेकवेल हे बाजाराचं गाव, आणि तिथून साडेतीन मैलांवर चॅट्सवर्थ, म्हणजे डेव्हनशरच्या ड्यूकचा वाडा. या ड्यूकच्या घराण्याचं आडनाव कॅव्हेंडिश. हे मात्र मी आप्पांना सांगितलं नाही.

रविवार

दुपारची जेवणं उरकून निघालो. डर्बी सोडल्यावर रस्ता डर्वेंट नदीच्या काठानं वर चढायला लागतो. वाटेत क्रॉमफर्ड लागलं. रिचर्ड आर्कराइटनं 1771 मध्ये पाण्यावर चालणारी सूतगिरणी इथंच उभी केली. पुढे लँकेशायरमध्ये अशा गिरण्यांचं रान माजलं आणि अमेरिकेतल्या यादवीत तिकडचा कापूस थांबला तेव्हा खानदेशचा कापूस तिथं गेला. आप्पांनी गाडीतूनच बघितलं आणि विचारलं, "आता चालू आहे का?" नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

पुढे टेकड्या मोकळ्या झाल्या आणि दगडी बांध सुरू झाले. डोंगराच्या उतारावर, कुठे सरळ कुठे वाकडे, नजर पोचेल तिथवर. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड बसवलेला. आप्पांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून एका बांधावर हात फिरवला, दोन्ही बाजूंचे मोठे दगड, मधली बारीक भरण, मध्येच आरपार टाकलेला लांब दगड, सगळं निरखलं. "ह्या आडव्या दगडानं धरेल आहे सगळं," म्हणाले. आई गाडीतूनच ओरडली, "अहो, लोकाच्या बांधाला हात लावू नका, भांडणं लागतील."

बेकवेलला पोचलो तेव्हा सात वाजले होते, पण उजेड आपल्या चारच्या उन्हासारखा. गावाची वस्ती चार हजारांच्या आत, म्हणजे आमच्या गावाएवढीच. घरं सगळी तपकिरी-करड्या दगडाची, मधून वाय नावाची नदी, आणि तिच्यावर पाच कमानींचा मध्ययुगातला पूल. पूल सातेकशे वर्षांचा असेल. एकोणिसाव्या शतकात त्याला एका अंगानं रुंद केलंय, पण खालच्या कमानी जुन्याच आहेत. त्याच्यावरून अजून ट्रक जातात. पुलाखाली पाणी इतकं निवळ, की तळाचे गोटे आणि त्यांच्यावर अंग धरून उभे असलेले ट्राउट मासे स्पष्ट दिसत होते. बदकांना पाव टाकणारी पोरं तर होतीच.

मुक्कामाची जागा एका जुन्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर होती. जिना असा अरुंद, की आईची बॅग आडवी धरून चढवावी लागली. रात्री दहापर्यंत बाहेर उजेड होता, त्यामुळे आईला जेवायची वेळ झाली असं पटेचना. शेवटी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बरोबर आणलेले केळीचे वेफर्स खाल्ले, खिडकीचा पडदा ओढून कृत्रिम रात्र केली आणि झोपलो.

सोमवार

बेकवेलला जायचं तर सोमवारीच. इथं शेकडो वर्षांपासून सोमवारचा बाजार भरतो. गावात रस्त्यावरचे स्टॉल आणि नदीपलीकडे गुरांचा बाजार. गुरांचा बाजार पूर्वी गावाच्या मध्येच भरायचा. 1998 मध्ये तो नदीपलीकडच्या मोठ्या छपराखाली हलवला. आप्पांना सावद्याच्या गुरांच्या बाजाराची सवय, तिथली धूळ, चहाच्या टपऱ्या, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरणारे सौदे. इथं आत शिरलो तर आधी धुतलेल्या सिमेंटचा वास आला, मग शेणाचा.

मध्यभागी लोखंडी गजांचं गोल रिंगण. त्याच्याभोवती पायऱ्यापायऱ्यांची बसायची जागा. एका बाजूच्या दारातून जनावर आत येतं, रिंगणात फिरतं, दुसऱ्या दारानं बाहेर जातं. लिलाव पुकारणारा माणूस वर एका चौथऱ्यावर. त्याच्या तोंडून जे निघत होतं ते इंग्रजी आहे हे मला दहा मिनिटांनी कळलं. आकडे एकमेकांत इतके मिसळलेले, की आरतीच्या शेवटी टाळ वाढतात तशी लय. घेणारे मात्र गप्प. कुणी पापणी हलवली, कुणी हातातला कागद बोटभर उचलला, की बोली वाढायची. आप्पा हसले. "रुमाल नाही वापरत, पण डोयांनी तेच करतात."

जनावर आत आलं, की वरच्या फळ्यावर त्याचं वजन उमटायचं. आप्पांनी खेळ सुरू केला. बैल दारात दिसला, की ते वजन सांगायचे, मग आम्ही फळ्याकडे बघायचं. पहिल्या तीन वेळा शंभर किलोंनी कमी सांगितलं. ही जनावरं बुटकी पण भरीव, मागचा भाग गोल आणि पाय आखूड. चौथ्या वेळेपासून आप्पांचा अंदाज दहा-पंधरा किलोंच्या आत यायला लागला. शेजारचा एक म्हातारा शेतकरी, डोक्यावर चौकड्यांची टोपी, हे सगळं ऐकत होता. त्याला भाषा कळत नव्हती, खेळ कळला. पुढचा बैल आला तेव्हा त्यानंही बोटांनी आकडा दाखवला. फळ्यावर बघितलं तर आप्पा जवळ होते. म्हातारा जोरात हसला आणि आप्पांच्या गांधी टोपीकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला. मला कळलं नाही. डर्बीशरच्या म्हाताऱ्यांची बोली मला दहा वर्षांनंतरही पूर्ण येत नाही.

मग आप्पांनी विचारलं, "ताई, यांना वशिंड नाही. मग जू कुठी ठेवतात?"

मी सांगितलं, की यांना जुंपत नाहीत. मग किलोमागे भाव कशाचा ते सांगावं लागलं. आप्पा काही बोलले नाहीत. पुढचा बैल आला, फळ्यावर वजन आलं, आप्पांनी आकडा सांगितला नाही. थोड्या वेळानं उठले आणि मेंढ्यांकडे गेले. शेजारचा म्हातारा आम्ही जाताना टोपीला हात लावून गेला. आप्पांनीही त्याला हात जोडले.

गावातल्या बाजारात कापड, चीज, रोपं, चिनी मातीचं जुनं सामान, पाउंडाला वाडगाभर फळं. आप्पा केळ्यांपुढे थांबले. फणी उलटी करून देठ बघितला, एका केळ्याच्या कडा अंगठ्यानं चाचपल्या. वर कोस्टा रिकाचा चिकट बिल्ला. "माल एकसारखा आहे. डाग नाही," म्हणाले. नंतर पुटपुटले, "पण कच्ची काढेल. पोटात भरेल नाही अजून." त्यांनी एक फणी घेतली आणि दुपारी नदीकाठी बाकावर बसून एक केळं सोलून, अर्धं खाऊन, बाकीचं आईला दिलं. याबद्दल एवढंच.

बेकवेलचं नाव इंग्लंडभर माहीत आहे ते एका गोड पदार्थामुळे. बेकवेल पुडिंग म्हणजे पापुद्र्यांच्या पारीत जॅमचा थर आणि त्यावर अंडी, लोणी, साखर आणि बदाम यांचं भाजलेलं मिश्रण. दुकानांत मिळतं ते बेकवेल टार्ट वेगळं. त्याची पारी खुसखुशीत आणि वर बदामाचा केकसारखा थर. गावात पुडिंगला टार्ट म्हटलं तर लोक शांतपणे दुरुस्त करतात. कथा अशी, की इथल्या रटलंड आर्म्स नावाच्या खानावळीत आचाऱ्याला मालकिणीचं सांगणं नीट कळलं नाही, त्यानं अंड्याचं मिश्रण पारीच्या पिठात घालायचं सोडून जॅमवर ओतलं, आणि तेच लोकांना आवडलं. ही गोष्ट साधारण 1860 ची सांगतात. पण एलायझा ॲक्टनच्या 1845 च्या पाकपुस्तकात या पुडिंगची कृती आहे, तेव्हा गोष्टीत बदाम जरा जास्तच पडलेत. गावात मूळ कृती आपलीच म्हणणारी दुकानं एकाहून जास्त आहेत. मी एक विकत घेतलं. आई अंडं खात नाही. तिनं बोटानं वरचा पापुद्रा उचलून वास घेतला आणि म्हणाली, "शिऱ्यात बदामाचं इसेन्स जास्त झालं तर असंच लागतं." खाल्लं मी आणि आप्पांनी.

संध्याकाळी टेकडीवरच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये गेलो. अंगणात एक दगडी खांब उभा आहे, नॉर्मन लोक यायच्या आधीचा, म्हणजे हजार वर्षांहून जुना, त्याच्यावर वेलीच्या वेटोळ्या कोरलेल्या. आईनं हेमाडपंती खांब पाहताना बघते तसं त्याच्याकडे बघितलं. चर्चच्या ओसरीत तसेच कोरीव दगडांचे तुकडे मांडून ठेवलेत. शेजारी 1534 मध्ये बांधलेलं एक जुनं घर आहे. नंतर आर्कराइटनं त्यात गिरणी-कामगारांच्या खोल्या काढल्या होत्या. ते आम्ही बाहेरूनच बघितलं, कारण तोवर पाय बोलायला लागले होते.

मंगळवार

चॅट्सवर्थ टेकडी ओलांडताना एकदम समोर येतं. दरीत नदी, नदीवर दगडी पूल, मागे जंगल, आणि मधोमध पिवळसर दगडाचा वाडा. त्याच्या खिडक्यांच्या चौकटींना सोन्याचा वर्ख दिलाय. ऊन पडलं, की त्या लांबून चमकतात. समोरच्या हिरवळीवर मेंढ्या चरत होत्या. हा सगळा देखावा आखून केलेला आहे. अठराव्या शतकात 'कॅपॅबिलिटी' ब्राउन नावाच्या बागकारानं नदीच्या पात्रालाही हात लावून हे 'नैसर्गिक' रान उभं केलं. आप्पांना ते पटलं नाही, की नुसतं बघायला छान दिसावं म्हणून कुणी इतकी जमीन पडीक ठेवेल.

तिघांचं तिकीट काढताना आईनं मनातल्या मनात रुपये केले आणि तोंड फिरवलं.

1549 मध्ये सर विल्यम कॅव्हेंडिश आणि त्याची बायको बेस यांनी ही जमीन 600 पाउंडांना घेतली. बेस ऑफ हार्डविक ही बाई या घराण्याची खरी संस्थापक. तिनं चार लग्नं केली आणि दर वेळी आधीपेक्षा श्रीमंत झाली. तिच्या चौथ्या नवऱ्याच्या पहाऱ्यात स्कॉटलंडची राणी मेरी कैदेत होती आणि तिला इथंही अनेकदा ठेवलं होतं. आजचा वाडा मात्र बराचसा पहिल्या ड्यूकनं 1686 ते 1707 या काळात पाडून बांधलेला. आत शिरताच रंगवलेलं दालन: भिंतींवर आणि छतावर ज्युलियस सीझरच्या आयुष्यातले प्रसंग, लाल गालिच्याची पायरी. मान वर करून करून आईच्या मानेला रग लागली.

वरच्या दालनांत पलंग, गालिचे आणि आरसे इतके, की काही खोल्यांनंतर एक दुसऱ्यात मिसळतं. लक्षात राहिलं ते एक व्हायोलिन. संगीताच्या दालनात एक दार अर्धवट उघडं आहे, आत अंधारात दुसरं दार आणि त्याच्यावर खिळ्याला रिबिनीनं टांगलेलं व्हायोलिन. मी हातभर अंतरावर जाऊन बघितलं, तरी तारांची सावली पडलेली दिसली. ते सगळं रंगवलेलं आहे. खिळा, रिबीन, सावली, काहीच खरं नाही. आईनं तिथल्या काकूंना विचारायला लावलं, की कुणी हात लावून बघतं का. काकू म्हणाल्या, रोज.

शिल्पांच्या दालनात पांढरे संगमरवरी देव आणि माणसं झोपलेली, बसलेली. इटलीच्या मोंतीनं कोरलेली बुरखा घेतलेली एक स्त्री आहे. दगड आहे हे माहीत असूनही तो बुरखा झिरझिरीत वाटतो. आप्पा तिथं थांबले नाहीत. त्यांना बाहेर पाणी दिसलं होतं.

बागेतला पाण्याचा जिना, कॅस्केड, तीनशे वर्षांपूर्वीचा. डोंगराच्या उतारावर चोवीस रुंद पायऱ्या, आणि प्रत्येक टप्प्याची उंची-रुंदी वेगळी, म्हणजे पडणाऱ्या पाण्याचा आवाजही वेगळा. पोरं, आया, आज्या सगळ्या बूट काढून त्यात पाय सोडून बसल्या होत्या. आईनं इकडेतिकडे बघितलं, लुगड्याच्या निऱ्या गुडघ्यापर्यंत ओढल्या आणि एका इंग्रज आजीच्या शेजारी बसली. दोघी अर्धा तास एकमेकींकडे बघून हसत होत्या.

आप्पांना मी पुढच्या तलावावर नेलं. तिथं एकच फवारा, एम्परर फाउंटन. 1844 मध्ये रशियाचा झार येणार म्हणून सहाव्या ड्यूकनं तो बनवून घेतला. वरच्या डोंगरावर आठ एकरांचा तलाव खणला, तिथून नळानं पाणी खाली आणलं, आणि नुसत्या उताराच्या जोरावर फवारा 296 फुटांपर्यंत गेल्याची नोंद आहे. ना मोटर, ना पंप. झार आलाच नाही. आप्पांनी तलावाची उंची विचारली, नळाची रुंदी विचारली. विजेचं भारनियमन सोसून रात्री बारा वाजता मोटर सुरू करायला उठणाऱ्या माणसाला त्या फवाऱ्यात जे दिसलं, ते मला दिसलं नसावं.

हे करणारा माणूस म्हणजे जोसेफ पॅक्स्टन. इथून पुढे मी आप्पांना त्याचीच गोष्ट सांगत गेले. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, 1826 मध्ये तेविसाव्या वर्षी इथं मुख्य माळी म्हणून आला. त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय, की तो पहाटे साडेचारला पोचला, फाटक बंद होतं म्हणून चढून आत आला, सगळी बाग फिरला, सहाला माणसांना कामाला लावलं, मग वाड्यातल्या कारभारीणबाईकडे नाश्त्याला गेला आणि तिथं तिच्या भाचीच्या प्रेमात पडला. नऊ वाजायच्या आत. त्या भाचीशी त्याचं लग्नही झालं. "कामाचा गडी," आप्पा म्हणाले.

या पॅक्स्टननं इथं 277 फूट लांब आणि 123 फूट रुंद काचघर बांधलं. आतून दोन बग्ग्या एकमेकींशेजारून जात. आठ बॉयलर, सात मैल नळ, आणि कोळसा भुयारातून येणारा, म्हणजे पाहुण्यांना धूर नको आणि मजूरही नको. 1843 मध्ये राणी व्हिक्टोरिया बग्गीतून त्यातून फिरली, तेव्हा आत हजारो दिवे लावले होते. याच अनुभवावर पॅक्स्टननं पुढे लंडनच्या 1851 च्या प्रदर्शनासाठी काचेचा महाल, क्रिस्टल पॅलेस, उभा केला. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडं मेली, आणि 1920 मध्ये ते काचघर सुरुंग लावून पाडलं. तेही सहजासहजी पडलं नाही. आज तिथं फक्त दगडी पायाच्या भिंती आहेत आणि मधल्या जागेत झुडपांचं चक्रव्यूह.

चक्रव्यूहात आई-आप्पा शिरले आणि हरवले. मी बाहेर उभी. वीस मिनिटं आतून "अहो!" आणि "इकडे ये!" असे आवाज आळीपाळीनं येत होते. शेवटी एका दहा वर्षांच्या पोरीनं त्यांना हात धरून बाहेर आणलं.

मग छोट्या काचघराकडे गेलो, 1970 मध्ये बांधलेल्या. आम्ही काचेबाहेरूनच बघितलं. आत दमट हवेनं काचेला घाम फुटलेला. मी हातानं पुसून आप्पांना म्हटलं, "आत बघा."

आप्पांनी कपाळ काचेला टेकवलं. बराच वेळ तसेच. मग म्हणाले, "ही तं केय व्हय. बुटकी. आपली बसराई." पानाच्या कडा, देठाची खाच, खोडावरचे काळे डाग, एकेक बोटानं काचेवर दाखवलं.

तेव्हा सांगितलं. दक्षिण चीनकडची ही केळी मॉरिशसला गेली होती, तिथून 1829 च्या सुमारास काही रोपं इंग्लंडात आली, त्यातलं एक पॅक्स्टननं ड्यूकसाठी मिळवलं. गरम खड्ड्यात लावलं, भरपूर पाणी आणि कुजलेलं शेणखत दिलं. 1835 च्या नोव्हेंबरात ते निसवलं, म्हणजे केळफूल बाहेर आलं. पुढच्या मे महिन्यात घडाला शंभरावर केळी होती. लंडनच्या प्रदर्शनात पदक मिळालं आणि मालकाच्या आडनावावरून तिला मुसा कॅव्हेंडिशी असं नाव पडलं. इथली रोपं मग जॉन विल्यम्स नावाच्या मिशनऱ्यानं प्रशांत महासागरातल्या सामोआला नेली. पॅक्स्टननं वाड्यातल्या एका चिनी भिंतकागदावर केळीचं चित्र पाहिलं म्हणून तिचा शोध घेतला, असंही सांगतात. मला ते जरा जास्तच गोड वाटतं. तोवर जगाच्या बाजारात दुसऱ्याच जातीचं, ग्रो मिशेलचं राज्य यायचं होतं. ते आलं, आणि मग 1950 च्या दशकात पनामा रोगानं ती जात बागाच्या बागा वाळवून गेली, तेव्हा व्यापाऱ्यांनी कॅव्हेंडिश धरली. काल बाजारात घेतलेली कोस्टा रिकाची फणी तीच. आमच्या बागेतलीही तीच. बसराई चॅट्सवर्थहून जळगावला आली असा याचा अर्थ नाही. इथून मिळालं ते आडनाव.

"शंभर केयी?" आप्पांनी हिशोब केला. "म्हणजे सात फण्या. आपल्याकडं असा घड पाहिला तं व्यापारी तोंड वाकडं करतो." थोडं थांबून, "पण बर्फात आणला म्हणावं. थंडीत निसवला." करपा पडतो का, खोडकिडा लागतो का, पिलं, म्हणजे बुंध्याशी फुटणारी नवी रोपं, किती ठेवतात, असे प्रश्न सुरू झाले. तिथं एक माळी चाकगाडी ढकलत चालला होता, त्याला मी थांबवलं. त्यानं सांगितलं, आत सगळं तापमानावर आहे, आणि पिलं काढून टाकतात, एक ठेवतात. आप्पांनी मान हलवली. पिलबागेचा नियम इथंही तोच.

निघताना म्हणाले, "यावल, रावेर, चोपडा, सगळा तालुका या लोकांचं आडनाव लावतो अन् कोणाले माहीत नाही." 2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आप्पांनी पेढे वाटले होते. त्या कागदावर मात्र जळगावचंच नाव आहे, हे त्यांनी मला दोनदा बजावलं.

परत येताना आईनं विचारलं, की इतकं मोठं घर चालवतात कसे. हे मला ठाऊक होतं. दहावा ड्यूक 1950 मध्ये अचानक वारला तेव्हा वारसाकर 80 टक्के होता. इस्टेट मुलाच्या नावावर केली होती, पण कर चुकण्यासाठी जेवढी वर्षं जगायला हवं होतं त्याला काही आठवडे कमी पडले. जमीन, चित्रं, पुस्तकं विकली, हार्डविक हॉल हा बेसचा दुसरा वाडा सरकारला दिला. आता चॅट्सवर्थ एका न्यासाकडे आहे आणि ड्यूकचं कुटुंब तिथंच राहतं. आई म्हणाली, "वाटणी वेळेवर करावी." हे ती आप्पांकडे बघून म्हणाली.

बुधवार

सकाळी मोनसाल हेडला गेलो. खाली दरी, दरीत वाय नदीचं वळण आणि तिच्यावर उंच दगडी रेल्वेपूल. 1863 मध्ये रेल्वे आली, त्यावर जॉन रस्किन हा इंग्रज लेखक फार चिडला होता. बक्स्टनचा मूर्ख अर्ध्या तासात बेकवेलला आणि बेकवेलचा मूर्ख बक्स्टनला पोचू शकेल, एवढ्यासाठी दरी घालवली, अशा अर्थाचं त्यानं लिहिलं. 1968 मध्ये रेल्वे बंद झाली. आज त्या मार्गावर लोक सायकल चालवतात आणि रस्किनला सलणारा पूल जपतात. आम्ही एक बोगदा चालून आलो; आत गार वारा आणि पाण्याचे थेंब. बाकी काही नाही.

निघताना एडन्सरला थांबलो. उच्चार 'एन्झर' असा करतात. मी 'एडन्सर' म्हटलं तेव्हा बेकवेलच्या बाईनं दोनदा विचारलं होतं. हे गाव पूर्वी नदीच्या जवळ होतं. सहाव्या ड्यूकला ते वाड्यातून दिसायचं, म्हणून 1838 ते 1842 च्या दरम्यान उचलून टेकडीआड नव्यानं बसवलं. प्रत्येक घर वेगळ्या धाटणीचं, एक स्विस, एक किल्ल्यासारखं, एक इटालियन. जुन्यापैकी एकच घर मागे राहिलं, ते अजून रस्त्यापलीकडे कुंपणात एकटं आहे. आप्पा ते घर बघत राहिले. हतनूर धरणात आईच्या मामांचं गाव गेलं होतं. तिथं नवीन गावठाणात सगळी घरं सारखी होती.

चर्चच्या अंगणात ड्यूक लोकांची थडगी आहेत, साधी, गवतात ओळीनं. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची बहीण कॅथलीनही इथं आहे, ती या घरातली सून होती. 1963 च्या जूनमध्ये केनेडी तिच्या कबरीपाशी येऊन गेले. आणि पॅक्स्टनही इथंच आहे. त्याचं दगडी थडगं मालकांच्या थडग्यांपेक्षा मोठं आहे. आप्पांनी पायातल्या चपला काढल्या, हे मी तेव्हा बघितलं नाही, आईनं नंतर सांगितलं.

मी गाडी काढत होते तेवढ्यात भाऊकाकांचा फोन आला. यावलला रात्री पाऊस झाला होता, वाफसा आला की लागवड सुरू. रोपं आली, मजूर ठरले, रावेरचा भाव थोडा पडला. आप्पा मोठ्यानं बोलत फाटकाबाहेर आले, मेंढ्यांनी माना वर केल्या. मग तिकडून विचारलं असावं, काय काय पाहिलं म्हणून.

"बसराई पाहिली," आप्पा म्हणाले. "काचेत ठेवेल आहे."